रेव्ह. ना. वा. टिळक: गीतं, चाली आणि श्रद्धेचा प्रवास दीड तासाच्या कीर्तनात कसा बसवावा?

वेशीवरचा_पिंपळ

९ मे हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा स्मृतिदिन (१९१९). त्या आठवड्यात आमच्या मंडळीचं गायनमंडळ दीड तासाचा कार्यक्रम करणार आहे. हाताशी आहेत बारा गाणारे (सात बायका, पाच पुरुष), एक पेटी, एक तबला, टाळांचे चार जोड आणि एक जुना ऑर्गन. गीतं 'उपासना संगीत'मधून घ्यायची.

दोन मतं पडली आहेत. एका गटाला ऑर्गनवर चार आवाजांत गायचंय. दुसऱ्याला कीर्तन हवंय. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. टिळकांना गीतकार म्हणून मांडायचं तर त्यांचा श्रद्धेचा प्रवास निवेदनात वेगळा सांगावा लागतो, की तो गाण्यांमधूनच दिसतो? गाणी कोणत्या क्रमाने घ्यावीत? जाणकारांनी सांगावं. "छान उपक्रम, शुभेच्छा" एवढंच लिहायचं असेल तर मनात म्हणा.

बेसूर

छान उपक्रम, शुभेच्छा.

ओवीकर

वेगळा सांगायची गरज नाही. छंद बघत जा, प्रवास आपोआप दिसतो.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. नाशिकला शास्त्रीय संस्कृताचं शिक्षण झालं, पुढे नागपुरात बुटी या धनिकांकडे संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचं काम. या माणसाचा हात मुळात अक्षरगणवृत्तांवर (लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तांवर) बसलेला होता. शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत असलेली 'केवढे हे क्रौर्य!' घ्या. "क्षणोक्षणी पडे, उठे, परि बळें, उडे बापडी" ही ओळ १७ अक्षरांची, पृथ्वी वृत्तातली, गण ज-स-ज-स-य आणि शेवटी लघु-गुरू. (म्हणताना 'क्षणोक्षणि' असं ऱ्हस्व करावं लागतं, नाहीतर वृत्त मोडतं.) ही कविता एकट्याने म्हणायची. पन्नास माणसांनी एकत्र म्हणायला घेतली तर तिसऱ्या शब्दाला गाडी रुळावरून उतरेल.

१८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. त्यांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला. मग अहमदनगर, मिशनचं काम, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा. तिथे त्यांच्यासमोर जी मंडळी बसायची ती बहुतांशी खेड्यांतली. त्यांना शार्दूलविक्रीडित देऊन काय उपयोग? आणि विलायती चालींवर बेतलेली भाषांतरित गीतं तर त्यांच्या कानाला परकीच होती.

म्हणून टिळक अभंगाकडे, पदाकडे आणि कीर्तनाकडे वळले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. ते वाक्य भाषणात टाळ्या घेतं, पण गाणाऱ्याने ते छंदातच ऐकावं.

तर क्रम असा: आधी वृत्तातली एक कविता, नुसती वाचून. मग पद, मग अभंग. शेवटाकडे 'ख्रिस्तायना'तल्या ओव्या. निवेदन निम्म्याने कमी होईल.

सुबोधिनी

ओवीकर, क्रम पटला, पण एक दुरुस्ती. तुमच्या प्रतिसादात लक्ष्मीबाई कुठेच नाहीत. बाप्तिस्म्यानंतर नवराबायको जवळजवळ पाच वर्षं वेगळी राहिली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३६) वाचलेल्या कुणाच्याही डोक्यात टिळकांचा प्रवास त्यांच्याच डोळ्यांनी बसलेला असतो: विसरभोळे, उधळे, तापट, आणि तरीही लोभस. मंचावरून फक्त "महाकवी, सत्यशोधक" असं सांगाल तर समोरचा प्रेक्षक मनात हसेल.

शिवाय 'ख्रिस्तायन' एकट्या टिळकांचं नाही. सुरुवात त्यांनी १९०९ मध्ये केली आणि पहिले दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंचे. ग्रंथ छापून आला १९३८ मध्ये, त्याही गेल्यावर. तेव्हा ओव्या घ्याल तेव्हा अर्ध्या त्यांच्या भागातल्या घ्या आणि बाईंच्याच आवाजात म्हणवून घ्या.

मांडवीकाठ

एक गोंधळ आधीच टाळा, कारण अशा कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिकांत तो हमखास असतो. 'ख्रिस्तायन' वेगळं आणि 'ख्रिस्तपुराण' वेगळं. 'ख्रिस्तपुराण' फादर थॉमस स्टीफन्स यांचं. ते इंग्रज जेझुइट, गोव्यात साष्टीत राहिलेले. ग्रंथ १६१६ मध्ये राचोलला छापला, तोही रोमन लिपीत. दहा हजारांवर ओव्या आहेत. दोन्हींत ओवी आहे, येशूचं चरित्र आहे, पण मधे जवळजवळ तीनशे वर्षं आहेत. एक कॅथलिक, दुसरं प्रॉटेस्टंट. स्टीफन्सच्या ओव्या टिळकांच्या नावावर खपवू नका, आमच्याकडची माणसं उठून उभी राहतील.

बेसूर

उभी राहिली तर प्रार्थना सुरू झाली असं समजून बाकीचेही उठतील. प्रश्न मिटला.

पेटी_मास्तर

स्वराबद्दल लिहितो, कारण मिश्र मंडळात कार्यक्रम पहिला तिथेच आपटतो.

नेहमीची सवय अशी की पेटीवाला स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी (पेटीच्या ज्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर सा धरायचा ती) धरतो. पुरुष असेल तर काळी एक-दोन, बाई असेल तर काळी चार-पाच. सात बायका आणि पाच पुरुष एकत्र गाणार तर दोन्ही चुकीच्या. काळी चार धरलीत तर अंतऱ्यात पुरुष फाटतात किंवा खालच्या सप्तकात जाऊन गुणगुणतात. काळी दोनला बायकांचा तार सप्तकातला गंधार किंचाळतो.

पांढरी एक धरा, फार तर काळी एक. आणि चाल निवडताना आवाका तपासा: खाली मंद्र धैवत, वर तार रिषभ, यापलीकडे जाणारी चाल समूहाला देऊ नका. एखाद्या अभंगाचा अंतरा तार मध्यमापर्यंत जात असेल तर तो एकट्या गायकाला द्या आणि समूहाला फक्त ध्रुपद (परत परत येणारी ओळ).

पेटी ट्यून केलेली असेल तर ऑर्गनबरोबर एकत्र वाजवण्याआधी दोन्हींचा सा जुळतो का ते बघा. जुना ऑर्गन पाव स्वर खाली उतरलेला असणं अगदी सामान्य आहे. जुळत नसेल तर एकाच गीतात दोन्ही नकोत. पेटी त्या दिवशी दुरुस्त होत नाही, ऑर्गन तर नाहीच.

चारआवाजी

इथे सगळ्यांनी ऑर्गनवाल्या गटाला आधीच फासावर चढवलंय म्हणून लिहितो. चार आवाजांची परंपरा आपल्या चर्चमध्ये शंभर वर्षांच्या वर आहे, तीही आता इथलीच. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशी विभागणी केली की बारा माणसांचा आवाज पंचवीस जणांसारखा भरतो. शिवाय पेटी_मास्तरांची पट्टीची अडचण तिथे उरतच नाही, कारण प्रत्येकाला आपापल्या आवाक्यातली ओळ मिळते. टिळकांची गीतं पाश्चात्त्य चालींवरही बसवली जावीत यात काय पाप?

ओवीकर

पाप काही नाही. गणित जुळत नाही.

मोठा अभंग म्हणजे चार चरण, अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाच्या शेवटी. 'सुंदर तें ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां' मोजून बघा. एकूण २२ अक्षरं. इंग्रजी स्तोत्रांचं सर्वांत प्रचलित माप आहे ८-६-८-६, म्हणजे २८. आता २२ अक्षरं २८ स्वरांवर ताणायची तर सहा ठिकाणी एक अक्षर दोन स्वरांवर ओढावं लागतं. ओढायची जागा चाल ठरवते, शब्द नाही. मग 'प्रभु'तला भु लांबतो, 'करुणा'तला रु लांबतो, आणि जिथे दीर्घ णा आहे तिथे चाल पुढे पळालेली असते. दुसरी मोडतोड यतीची, म्हणजे थांबण्याच्या जागेची. तिसरा चरण आणि चौथा चरण यांच्यात जी छोटी दचक आहे, चार अक्षरांवर येऊन थांबण्याची, तीच अभंगाची जान. विलायती चालीत ती जागाच नाही.

भजनी ठेक्यात हे उलट सोपं जातं. आठ मात्रांत सहा अक्षरं आरामात बसतात, दोन मात्रा ओढायला राहतात. शेवटच्या चार अक्षरांनंतर पुरता अर्धा आवर्तनभर मोकळा असतो. टाळ तिथेच बोलतात.

चारआवाजी

अभंगापुरतं मान्य. पण टिळकांचं सगळंच अभंगात नाही ना. पदं आहेत. पदांना मात्रांचं माप असतं, तिथे ओढाताण कमी.

पेटी_मास्तर

बरोबर, आणि तिथे एक मधला मार्ग आहे. पदाची चाल बिलावल किंवा मिश्र खमाजच्या अंगाची असेल तर तीन कॉर्ड पुरतात: सा, म आणि प वरचे. तिथे ध्रुपदाला दोन आवाज (चार नाही) ठेवा, अंतरा एकसुरी. भीमपलास, भैरवी, तोडी अंगाच्या चालींना मात्र हात लावू नका. भैरवीत कोमल रिषभावर माणूस रेंगाळतो, आणि खाली कॉर्ड बदलला की तो रिषभ उपरा वाटायला लागतो. अशा चालीला ऑर्गनने फक्त सा-प धरून ठेवावं, तंबोऱ्याच्या जागी. त्यासाठी ऑर्गन फार सुंदर चालतो, पण ऑर्गनवाल्याला दीड तास दोन बोटं दाबून बसवणं हे पाळकांचं काम.

चारआवाजी

दोन बोटांसाठी मी दुसरा माणूस पाठवीन. बाकी तह मंजूर.

ठेका_आठ

तबल्याचं कुणी विचारलं नाही, नेहमीप्रमाणे.

पट्टी पांढरी एक ठेवणार असाल तर पावणेसहा इंची तबला बघा, काळी एकला साडेपाच इंची चालतो. काळी चारला वाजणारा लहान तोंडाचा तबला खाली उतरवून पांढरी एकला आणायला जाऊ नका, वादी (चामड्याची पट्टी) सैल पडते आणि चाट (कडेचा बोल) बोलत नाही. तशी वेळ आलीच तर पंचमाला लावा.

ताल: अभंगांना भजनी ठेका, पदांना केरवा किंवा दादरा. साकी-दिंडी ही मात्रावृत्तं घेतलीत तर (दिंडी १९ मात्रांची, नवाला यती, साकी १६ अधिक १२) तबला अगदी मोजका ठेवा, शब्द पुढे राहू द्यात. ओव्यांना ठेकाच नको. ओवी सा ते म एवढ्यात फिरते आणि तिचे साडेतीन चरण कमी-जास्त लांबीचे असतात. ठेका धरलात की ओवी म्हणणारा बिचारा अक्षरं कोंबत बसतो.

लय: अभंग मिनिटाला ९० मात्रांच्या आसपास सुरू करा आणि १२० ला थांबा. वारकरी भजनात ती १५० च्या पुढेही जाते, पण तिथे म्हणणाऱ्यांना शब्द पाठ असतात. तुमच्याकडे निम्मे लोक पुस्तकात बघून गाणार. लय चढली की पहिले पुस्तकवाले गळतात, मग टाळवाले एकटेच स्वर्गाला पोचतात.

टाळांचे चार जोड फार झाले. दोन पुरेत.

दगडी_भिंत

टाळांबद्दल +१, त्याचं कारणही देतो. जुन्या दगडी चर्चमध्ये उंच छत, फरशी, लाकडी बाक. रिकाम्या इमारतीत आवाज दोन-तीन सेकंद घुमतो, माणसं भरली की कमी होतो, पण टाळांचा वरच्या पट्टीचा आवाज शेवटपर्यंत कापत राहतो. म्हणून:

टाळवाले माइकपासून किमान सहा फूट मागे, त्यांना माइक नाही. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला नाही तर वरून, स्वरपट्ट्यांकडे तोंड करून, नाहीतर भात्याची फुसफुस जास्त आणि सूर कमी. निवेदकाचा माइक वेगळा. गाणाऱ्यांना दोन माइक, प्रत्येकी सहा जणांत एक, अर्धवर्तुळात उभे. आणि मोठ्या स्पीकरपेक्षा बाकांच्या मध्यावर दोन छोटे स्पीकर लावा, आवाज कमी ठेवून. पुढचा मोठा स्पीकर वाढवला की घुमारा वाढतो, शब्द वाढत नाहीत. रंगीत तालीम रिकाम्या चर्चमध्ये झाली तर जे ऐकू येईल त्याने घाबरू नका.

टोरांटोतला_मराठी

थेट प्रक्षेपण करणार असाल तर हक्कांचं बघून घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. टिळक गेले १९१९ मध्ये, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये. दोघांचेही शब्द मोकळे. पण चाल ही वेगळी कृती. एखाद्या हयात संगीतकाराने बांधलेली चाल घेतलीत तर त्याची परवानगी लागेल, शब्द कितीही जुने असोत. तयार ट्रॅक मागे लावलात तर तिसरा हक्क, ध्वनिमुद्रणाचा. पारंपरिक भजनी चाल, स्वतःची साथ, हा सगळ्यात बिनघोर मार्ग. नाहीतर प्रक्षेपण मधेच मुकं होतं आणि परदेशातले नातेवाईक फोन करकरून विचारतात की इथे आवाज का गेला.

कोपऱ्यातली_खुर्ची

पारंपरिक चालीत एक खड्डा आहे, तो कुणी सांगितला नाही. फार गाजलेल्या अभंगाची चाल उचललीत तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ शब्द वाजतात. तुम्ही येशूवर गात असता आणि तिसऱ्या बाकावरची आजी ओठांत विठ्ठल म्हणत असते. त्यात वाईट काही नाही, पण टिळकांचे शब्द तिच्यापर्यंत पोचत नाहीत. जी चाल रेडिओवर किंवा कॅसेटवर कुणा एका गायकाच्या नावाने चिकटली आहे ती टाळा. गावोगाव चालते ती साधी, पाच स्वरांत फिरणारी भजनी चाल घ्या. तिच्यावर कुणाचीच मालकी नसते.

बेसूर

आजी तरी काहीतरी म्हणतेय. उरलेला बाक झोपलेला असतो.

जुनाबाजार

अवांतर: मराठी कीर्तन फक्त हिंदू आणि ख्रिस्ती यांचंच नव्हे. कोकण-मुंबईच्या बेने इस्राएल समाजातही एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनाची परंपरा उभी राहिली. आख्यानं जुन्या करारातली, साज सगळा इथला. आणि ख्रिस्ती कीर्तन टिळकांनी सुरू केलं असंही नाही. नगरकडे कृष्णराव सांगळे त्यांच्या आधी ते करत होते. टिळकांनी त्याला कवीचा हात दिला.

ओवीकर

हे चांगलं आठवण केलंत. सांगळ्यांचं नाव निवेदनात यायलाच हवं, नाहीतर सगळं टिळकांपासून सुरू झाल्यासारखं वाटतं. 'ज्ञानोदया'चंही तसंच. ते नियतकालिक १८४२ पासूनचं, टिळक त्याच्या मराठी विभागाचे संपादक झाले १९१२ मध्ये आणि शेवटपर्यंत राहिले. पत्र त्यांच्याआधी सत्तर वर्षं चालू होतं.

वेशीवरचा_पिंपळ

सगळं टिपून घेतोय. पट्टी, ठेका, टाळ यावर आमचे दोन्ही गट गप्प झाले, हे मोठंच काम झालं. आता एक अडचण. शेवटचा भाग, म्हणजे मिशनचा पगार सोडून संन्यास आणि 'देवाचा दरबार', हा कसा दाखवायचा? मंडळींतल्या काही ज्येष्ठांना तो विषय नकोय. "त्या भानगडीत पडू नका, गाणी गा" असं म्हणतात.

सुबोधिनी

तो भाग गाळलात तर उरतो तो मिशनचा नोकर-कवी, जे टिळक अजिबात नव्हते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनशी असलेला पगाराचा संबंध तोडला आणि संन्यास घेतला. साताऱ्याहून 'देवाचा दरबार' चालवला. कल्पना अशी की बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूचे शिष्य एका बंधुत्वात यावेत. चर्चच्या चौकटीत वाढलेल्यांना तेव्हाही ते पचलं नाही, आता तुमच्या ज्येष्ठांना पचत नाही, म्हणजे मुद्दा अजून जिवंत आहे. दोन वर्षांत टिळक गेले, त्यामुळे दरबार फार वाढला नाही.

गाणारा संन्यासी म्हणजे काय हे अभंगांत दिसतं. या काळाजवळचे अभंग 'अभंगांजली'त एकत्र वाचा. त्यांत उपदेश कमी होत गेला आहे आणि देवाशी थेट बोलणं वाढलं आहे. ओवीकरांचा छंदाचा मुद्दा बरोबरच, पण मला वाटतं खरा बदल संबोधनात आहे: आधीचा टिळक लोकांना उद्देशून लिहितो, नंतरचा 'तू' म्हणून देवाला.

ओवीकर

हे माझ्या मुद्द्यापेक्षा जास्त उपयोगी आहे, गाणी निवडताना तरी. प्रत्येक गीताच्या समोर लिहा: कोणाला उद्देशून? लोकांना, देशाला, स्वतःला, देवाला. क्रम त्यावरूनही लागेल.

फक्त एक इशारा. तारखा लावायला जाऊ नका. बऱ्याच गीतांना रचनेचं साल छापलेलं नसतं, आणि निवेदकाला "हे १९११ सालचं" असं ठोकून द्यायचा मोह होतो.

एकतारी

टिळकांना फक्त चर्चपुरतं धरू नका एवढीच विनंती. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनामागे ते होते. तिथेच ठोंबरे 'बालकवी' झाले, आणि हा मुलगा पुढे टिळकांच्या घरी राहिला. 'फुलामुलांचा कवी' ही टिळकांची ओळख मराठी शाळांनी जपली, भक्तिगीतं चर्चने जपली, आणि दोन्हीकडच्यांना दुसरी बाजू माहीत नसते. कार्यक्रमाला चर्चबाहेरचे लोक येणार असतील तर सुरुवात फुलांच्या कवितेने करा. त्यांना ओळखीचा माणूस भेटेल.

पूर्वरंग

उशिरा आलो. मूळ प्रश्नाकडे: दीड तासाचं बांधकाम. नारदीय कीर्तनाचा साचा ख्रिस्ती आख्यानाला नीट बसतो, काही जागा बदलून.

नमन: ७ मिनिटं. वाद्यं लागलेली असतानाच उभं राहा, लावणं श्रोत्यांसमोर नको. एक स्तवनाचं पद, विलंबित, सगळ्यांनी मिळून.

पूर्वरंग: ३० मिनिटं. मूळपद म्हणून टिळकांचं एकच गीत घ्या. मी असतो तर 'पुष्कळ अजुनी उणा' घेतलं असतं. निरूपण याच एका पदाभोवती: ओळ म्हणायची, थांबायचं, बोलायचं, परत ओळ. प्रमाण म्हणून नव्या करारातलं एक वचन, तुकोबांचा एक अभंग, टिळकांचा एक अभंग. तीनच्या वर प्रमाणं घेतली की निरूपणाची यादी होते. टिळकांचं चरित्र इथे निरूपणाच्या ओघात आणा, सलग सांगू नका. आगगाडी, बाप्तिस्मा, पाच वर्षांची ताटातूट, दरबार, या चारच जागा.

मध्यंतर: ८ मिनिटं. परंपरेत इथे बुक्का, हार, गजर. तुमच्याकडे गजर आणि दानार्पण. चारही टाळ इथे वाजवा, ठेका_आठ रागावले तरी.

उत्तररंग: ३५ मिनिटं. आख्यान लूक १५, उधळ्या पुत्र. यात गाण्याच्या जागा आयत्या मिळतात: घर सोडणं (साकी), दुष्काळ आणि डुकरं राखणं (विलंबित पद), परत निघणं (अभंग, मध्य लय), बापाने धावत येणं (तोच अभंग, द्रुत), थोरल्या भावाचा राग (गाणं नाही, नुसता संवाद). थोरला भाऊ गाळू नका. बहुतेक कीर्तनकार मिठीवरच संपवतात, कारण टाळ्या तिथे येतात.

समारोप: १० मिनिटं. 'ख्रिस्तायना'तल्या पाच-सहा ओव्या, ठेक्याशिवाय, मग प्रार्थना. वृत्तातली कविता वाचायची असेल तर ती नमनाच्या आधी, वाद्यं सुरू व्हायच्याही आधी, एकाच माणसाने.

बिघडतं कुठे? वेळ नेहमी पूर्वरंगात जातो. निरूपण पाऊण तासावर गेलं की आख्यान पळवावं लागतं आणि लोक नेमकं आख्यान ऐकायला आलेले असतात. समोर घड्याळ ठेवा, आणि पेटीवाल्याला सांगून ठेवा: तीस मिनिटं झाली की त्याने गजराचा सा धरायचा. कीर्तनकाराला गप्प करायचा यापेक्षा सभ्य उपाय नाही.

चारआवाजी

आमचे दोन आवाज कुठे बसले यात?

पूर्वरंग

नमनात आणि मध्यंतराच्या गजरात. उत्तररंगात फक्त शेवटच्या द्रुत अभंगाचं ध्रुपद. बाकी तुमचा ऑर्गन सा-प धरणार असं वर ठरलंय.

पेटी_मास्तर

मूळपद ते घेणार असाल तर मात्रा सांगतो, तालमीत वाद टळेल. 'पुष्कळ' चार (पु पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू), 'अजुनी' चार, 'उणा' तीन, 'प्रभु मी' चार. एकूण पंधरा. केरव्याच्या दोन आवर्तनांना सोळा लागतात, तेव्हा 'उणा'तला णा एक मात्रा जास्त धरा. बहुतेक जण ती एक मात्रा 'मी'वर टाकतात, शेवटी आहे म्हणून. तसं केलं की 'प्रभु' एक मात्रा आधी येतो आणि समेवर परतताना तबला आणि समूह एकमेकांकडे बघत बसतात.

ठेका_आठ

आणि दोष तबल्याला.

वेशीवरचा_पिंपळ

पूर्वरंग यांचा आराखडा छापून दोन्ही गटांना दिला. आख्यानावर एकमत आहे, थोरल्या भावाचा संवाद कोण म्हणणार यावर नाही. पट्टी पांढरी एक ठरली. पावणेसहा इंची तबला शोधतोय, नगर किंवा पुण्यात भाड्याने कुठे मिळेल ते कुणी सांगू शकेल का?

ठेका_आठ

दुकानाचं नाव इथे देत नाही, व्यक्तिगत निरोप केलाय. घेताना तीन गोष्टी बघा: शाईला कडेने भेग नाही ना, सगळ्या गठ्ठ्यांवर चाट एकसारखी येते ना, आणि मे महिन्याच्या कोरड्या उन्हात पुडी चढते, तेव्हा आदल्या रात्री लावून ठेवलेला सूर सकाळी परत तपासा. हातोडी सोबत मागून घ्या, ती देत नाहीत.

बेसूर

थोरल्या भावाचा संवाद मी म्हणतो. गाणं नाही ना त्यात?